सात हाली, सहा कलदार

निजामाच्या राज्यातील नांदेडच्या किंवा लातूरच्या अडत्याला आपल्या वहीत नुसते 'शंभर रुपये' असे लिहून भागत नसे. ते शंभर हाली की शंभर कलदार, याचा खुलासा शेजारी केल्यावाचून त्या आकड्याला अर्थ येत नसे. कारण हाली म्हणजे हैदराबादच्या टांकसाळीत पडलेला आसफजाही रुपया आणि कलदार म्हणजे इंग्रज सरकारचा रुपया, आणि शंभर कलदार पदरी पाडून घ्यावयाचे तर ११६ हाली रुपये, १० आणे आणि ८ पै मोजावे लागत. हा आकडा प्रथमदर्शनी विक्षिप्त वाटतो खरा, पण तो अपूर्णांकात मांडला की सात हाली बरोबर सहा कलदार एवढेच त्याचे सुटसुटीत रूप उरते. प्रत्यक्ष बाजारात हा भाव थोडा वर, थोडा खाली होत असे. तथापि विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकापासून संस्थान विलीन होईपर्यंत तो या प्रमाणापासून फारसा ढळला नाही, आणि अखेरीस भारत सरकारने हाली चलन गुंडाळले तेव्हाही हेच प्रमाण कायद्याने मान्य केले.

एका देशाने दुसऱ्याशी आपले नाणे समाईक करावे की न करावे, या प्रश्नाची चर्चा अलीकडे बहुधा युरोच्या निमित्ताने होते. १९९९ साली युरोपातील अकरा देश या चलनसंघात शिरले, २००१ साली ३४०.७५ द्राख्मांना एक युरो या भावाने ग्रीस त्यांना येऊन मिळाला, आणि पुढे कर्जाचा डोंगर अंगावर आला तेव्हा आपल्या नाण्याचा भाव उतरवून निभावून नेण्याची वाट आपणच बुजवून बसलो आहोत हे त्या देशाला कळून चुकले. ही हकीकत वाचताना असे वाटू लागते की चलनाचे ऐक्य ही एखाद्या दिवशी सही-शिक्क्यानिशी घडणारी गोष्ट आहे आणि तत्पूर्वी प्रत्येक राष्ट्र आपल्या नाण्याचे निरंकुश धनी असते. मराठवाड्याचा अनुभव पाहिला तर या समजुतीला चांगलाच धक्का बसतो. येथे नाणे वेगळे होते, टांकसाळ वेगळी होती, नोटा वेगळ्या होत्या, त्यांवरचा सन वेगळा होता, आणि तरीही हिंदुस्थानच्या रुपयाशी हैदराबादच्या रुपयाचे लग्न कायद्याच्या अर्धशतक आधीच लागून गेलेले होते. १९५० साली दप्तरात केवळ त्याची नोंद झाली, असे माझे मत आहे.

हालीच्या पूर्वीची स्थिती मोठी गोंधळाची होती. निजामाची गादी स्वतंत्रपणे वागत असली तरी नाण्यावर नाव दिल्लीच्या बादशहाचे असे, आणि नाणी पाडण्याचा हक्क सरकारी टांकसाळीपुरता न राहता ठिकठिकाणचे अंमलदार, संस्थानिक आणि सावकार यांच्याकडे पसरलेला होता. औरंगाबादेकडचा गोविंदबक्षी रुपया निराळा, नारायणपेठेचा निराळा, हैदराबाद शहरात चालणारा निराळा. प्रत्येकाची चांदी निराळी आणि प्रत्येकावर सराफाचा बट्टा निराळा. वसुलाचे मक्ते घेणाऱ्यांना ही अव्यवस्था सोयीची होती, कारण रयतेकडून कोणता रुपया कोणत्या भावाने घ्यावयाचा आणि खजिन्यात कोणता भरावयाचा, या दोहोंच्या मध्ये बराच मलिदा मुरत असे. १८५३ साली सालारजंग दिवाण झाला आणि १८८३ साली मरेपर्यंत त्या पदावर राहिला. त्या तीस वर्षांत त्याने वसुलाची मक्तेदारी मोडून मुलखाचे जिल्हे पाडले आणि बाहेरच्या टांकसाळी बंद पाडून नाणे हैदराबादेत एकवटले. १८५७ च्या धामधुमीनंतर दिल्लीचे तख्तच उरले नाही, तेव्हा बहादूरशहाचे नाव नाण्यावरून गेले आणि त्याच्या जागी निजाम-उल्-मुल्क आसफजाह बहादूर ही अक्षरे व पैगंबराच्या नावाचा संकेत म्हणून ९२ हा अंक आला. या चालू नाण्याला 'हाली सिक्का' म्हणू लागले.

सालारजंग दिवाण झाला त्याच महिन्यात निजामाने कंटिंजंट फौजेच्या थकलेल्या खर्चापोटी वऱ्हाड आणि त्याबरोबर रायचूर दोआब व धाराशिव-नळदुर्गाकडचा मुलूख इंग्रजांच्या हवाली केला होता. ठगाच्या कादंबरीमुळे आपल्याला ठाऊक असलेला मेडोज टेलर याच काळात नळदुर्गास राहून त्या मुलखाचा कारभार पाहत असे. १८६० साली हा दक्षिणेकडचा भाग परत मिळाला, वऱ्हाड मात्र परतले नाही. १९०२ साली वर्षाकाठी २५ लाख रुपयांच्या बोलीवर ते इंग्रजांकडे कायमचेच राहिले. परिणामी नांदेड जिल्ह्याच्या उत्तरेला पैनगंगा ओलांडली की कलदाराचा मुलूख आणि लातूरच्या पश्चिमेला बार्शीकडे सरकले की पुनः कलदाराचाच मुलूख, अशी या दोन गावांची भौगोलिक कोंडी झाली. हैदराबाद शहर दूर होते. परका म्हणून ज्याला कागदावर वेगळे ठरवले होते तो बाजार मात्र उशाशी होता.

आता सात आणि सहा या प्रमाणाचे रहस्य पाहू. हाली रुपयाचे वजन सुमारे ११.१८ ग्रॅम आणि त्यात चांदी शेकडा ८२ च्या जवळपास असे. कलदाराचे वजन ११.६६ ग्रॅम आणि चांदी शेकडा ९१.६७. गणित केले तर हालीत शुद्ध चांदी ९.१ ग्रॅमांच्या आसपास व कलदारात १०.७ ग्रॅमांच्या आसपास निघते, आणि सात हालींची चांदी सहा कलदारांच्या चांदीशी जवळजवळ तंतोतंत जुळते. म्हणजे हा भाव कोणा मुत्सद्द्याने ठरवलेला नव्हता, सराफाच्या तराजूने ठरवलेला होता. परंतु १८९३ साली हिंदुस्थान सरकारने आपल्या टांकसाळी खाजगी चांदीला बंद केल्या आणि कलदाराची किंमत त्यातील चांदीपासून तुटली. जगभर चांदी उतरत चालली असताना कलदार वर धरून ठेवला गेला, आणि ज्याची पत अद्याप धातूवर होती त्या हालीला हेलकावे बसू लागले. अशा वेळी स्वतंत्र म्हणवणाऱ्या राज्यापुढे दोन मार्ग होते. हालीला चांदीबरोबर वाहू द्यावे, अथवा कलदाराच्या दाव्याला बांधावे. हैदराबादने दुसरा पत्करला. नाणे किती पाडावयाचे हे सरकारने आपल्या मुठीत घेतले, यंत्रावर पाडलेले रेखीव नाणे सुरू केले आणि भाव सातास सहाच्या आसपास राखण्यासाठी कलदाराची शिल्लक बाळगावयास आरंभ केला. त्या नव्या रुपयावर चारमिनार आला, त्याच्या कमानीत महबूब अलीखानाच्या नावाचा 'मीम' आणि १९११ नंतर उस्मान अलीखानाच्या नावाचा 'ऐन' ही अक्षरे कोरली गेली. डौल वाढला, पण दावे कोणाच्या खुंट्याला बांधलेले आहे हे चारमिनाराच्या चित्राने झाकले जाण्यासारखे नव्हते.

ही बांधणी बळकट केली ती कापसाने आणि आगगाडीने. मनमाडपासून औरंगाबाद, जालना, परभणी, नांदेड या मार्गाने सिकंदराबादेस जाणारी गोदावरी खोऱ्यातील मीटरगेज लाइन १९०० च्या सुमारास सुरू झाली. बार्शी लाइट रेल्वेची अडीच फुटी छोटी गाडी १९११ साली लातूरला पोहोचली. नांदेडचा कापूस मनमाडास आणि लातूरचा कुर्डुवाडीस मोठ्या रुळांवरच्या डब्यांत पलटून मुंबईकडे जाई, आणि जशी रुळांच्या सांध्यावर गासड्यांची ही उतरवाउतरव होई तशीच पैशाचीही होई. मुंबईची पेढी कलदाराची हुंडी धाडणार. शेतकरी मागणार हाली, कारण सरकारसारा हालीत भरावयाचा आणि आठवडी बाजारातली मीठमिरचीही हालीतच घ्यावयाची. हंगामात सगळेच अडते एकदम कलदार देऊन हाली मागू लागले की हाली महागावे आणि आषाढ-श्रावणात मालाची ये-जा थंडावली की ते स्वस्त व्हावे, हा क्रम सराफाला पंचांगाइतका पाठ असे. या चढउताराचा लाभ उठवणारा एक वर्गच त्यातून उभा राहिला. तो वर्ग वाईट होता असे मी म्हणणार नाही. दोन नाण्यांच्या सीमेवर कोणी ना कोणी बसणारच. पण त्याची मजुरी अखेर वेचणारणीच्या आणि कुळाच्या पदरातून जाई, हेही खरे.

शिवाय करोडगिरी होती. हैदराबाद संस्थानाला आपल्या सरहद्दीवर आयात आणि निर्यात मालावर शेकडा पाच जकात घेण्याचा हक्क जुन्या तहांनी होता, आणि करोडगिरीचे नाके हे राज्याच्या सरहद्दीचे सर्वांत डोळ्यांत भरणारे चिन्ह होते. बार्शीहून लातुरास कापड आणणाऱ्याला एकदा जकात द्यावी लागे आणि एकदा बट्टा. पंढरपूर हे सोलापूर जिल्ह्यात, म्हणजे कलदाराच्या राज्यात. तेव्हा नांदेड-लातूरकडील वारकऱ्यालाही देवाच्या दारी पोहोचण्यापूर्वी सराफाचे दार चढणे प्राप्त असे. मोठ्या व्यापाऱ्याला हा हिशेब बोटांवर येई. गाठीला चार हाली रुपये बांधून निघालेल्या बाईला तो येत नसे, आणि तिच्याकडून शास्त्रशुद्ध सातास सहाचा भाव घेऊन थांबणारा सराफ विरळाच म्हणावयाचा.

पहिल्या महायुद्धात चांदीची टंचाई पडली आणि १९१८ साली संस्थानने कागदी चलनाचा कायदा करून प्रथम दहा व शंभर रुपयांच्या नोटा काढल्या. या नोटांवर फसली सन असे आणि किंमत उर्दूबरोबर तेलुगू, मराठी आणि कानडी या रयतेच्या भाषांतही छापलेली असे. ज्या राज्यात तहसिलीचा कागद उर्दूत, अदालतीचा निकाल उर्दूत आणि उस्मानिया विद्यापीठाचे शिक्षणही उर्दूत, तेथे नांदेडच्या शेतकऱ्याला सरकारी छापाची मराठी अक्षरे ज्या मोजक्या कागदांवर भेटत त्यांत दहा रुपयांची नोट एक होती! नोटांच्या पाठीमागे जी अनामत ठेवावयाची तिचा मोठा हिस्सा हिंदुस्थान सरकारच्या रोख्यांत गुंतवलेला असे. निजामाच्या राज्याची नोट शेवटी दिल्लीच्या पतीवर उभी होती, ही गोष्ट फार थोड्यांच्या ध्यानात आली असेल. पण पुढे १९४७-४८ साली तिने राजकारणात फार मोठे महत्त्व धारण केले.

तत्पूर्वी मंदीचा एक धडा. १९२७ सालच्या कायद्याने कलदाराचा भाव अठरा पेन्स ठरला आणि तो भाव फार चढा आहे, याने निर्यात मार खाईल, अशी ओरड मुंबईच्या व्यापाऱ्यांनी केली. रुपयाच्या या प्रश्नावर बाबासाहेब आंबेडकरांनी १९२३ साली लंडनमध्ये आपला ग्रंथ प्रसिद्ध केला होता आणि पुढे हिल्टन यंग कमिशनपुढे साक्षही दिली होती. मुंबई इलाख्यात हा वाद वर्तमानपत्रांतून गाजत होता. हैदराबाद राज्यात मात्र या वादाला जागाच नव्हती, कारण हाली कलदाराला बांधलेला, कलदार पौंडाला बांधलेला, आणि या साखळीच्या एकाही कडीवर लातूरच्या कापूसवाल्याचा हात पोहोचत नव्हता. १९२९ नंतर कापसाचा भाव कोसळला, सारा मात्र रोख रकमेत ठरलेला तो तसाच राहिला. स्वतःची टांकसाळ असलेल्या राज्याला नाण्याचा भाव उतरवून शेतमालाला थोडा आधार देणे निदान तत्त्वतः शक्य होते. ते हैदराबादने केले नाही. केले असते तर रेल्वेचे सामान, यंत्रे आणि कापड महाग होऊन राज्याचेच अंदाजपत्रक कोसळले असते, हा बचाव मला मान्य आहे. परंतु जे हत्यार कधी उपसावयाचेच नाही ते कमरेला लावून मिरवण्यात सार्वभौमत्व किती आणि शोभा किती, हा प्रश्न त्यामुळे सुटत नाही. ग्रीसने युरोत जाऊन जे साधन गमावले ते हैदराबादने वेगळे नाणे राखूनही गमावले होते.

१९४१ सालच्या कायद्याने हैदराबाद स्टेट बँक स्थापन झाली आणि पुढच्या वर्षी तिचे काम सुरू झाले. उस्मानिया सिक्क्याची, म्हणजे हालीची, व्यवस्था आणि सरकारी कर्जाचा कारभार तिच्याकडे आला, जिल्ह्याजिल्ह्यांत शाखा निघाल्या आणि सराफाच्या हाती असलेली चलनाची अदलाबदल काही अंशी तिच्या काउंटरवर आली. याच बँकेभोवती शेवटचे नाट्य घडले. २९ नोव्हेंबर १९४७ रोजी निजामाने भारताशी जैसे थे करार केला आणि त्या करारावरची शाई वाळते न वाळते तोच त्याच्या सरकारने दोन वटहुकूम काढले. एकाने राज्यातून सोनेचांदी बाहेर नेण्यास बंदी झाली आणि दुसऱ्याने भारतीय चलन हैदराबाद राज्यात कायदेशीर चलन उरले नाही. त्याच सुमारास भारत सरकारच्या रोख्यांपैकी वीस कोटींचे रोखे पाकिस्तानला कर्जाऊ दिल्याचे उघडकीस आले. भारत सरकारने करारभंगाचे जे आरोप केले त्यांत या दोन्ही गोष्टींना ठळक स्थान आहे. पन्नास वर्षे ज्या नाण्याला आपला हाली बांधून ठेवला तेच नाणे एका फर्मानाने परके ठरवणे म्हणजे नांदेड-लातूरच्या बाजाराला श्वास कोंडून धरावयास सांगणे होते. कापूस मुंबईस जावयाचा, हुंडी मुंबईची यावयाची, आणि कायदा म्हणणार की तो पैसा पैसाच नव्हे!

या वटहुकुमाच्या पाठोपाठ, ३० जानेवारी १९४८ रोजी, म्हणजे दिल्लीत गांधीजींची हत्या झाली त्याच दिवशी, नांदेड जिल्ह्यातील उमरी येथील बँकेवर स्वातंत्र्यसैनिकांनी छापा घातला आणि वीस लाखांच्या घरातील रक्कम चळवळीसाठी उचलली. या सैनिकांचा तळ पैनगंगेपलीकडे उमरखेडला होता. मुक्तिसंग्रामाच्या इतिहासात हा प्रसंग शौर्याचा म्हणून सांगितला जातो, आणि तो तसा आहेच. पण चलनाच्या इतिहासातही त्याला स्थान द्यावयास हवे. ज्या सरकारचे राज्य मोडावयाचे त्याच्याच नाण्यावर लढा चालवावयाचा, ही निकड चळवळीला पडली, कारण नदीच्या अलीकडच्या गावांत शिधा घ्यावयाचा तर हालीच चालत होते.

१३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सैन्य हैदराबाद राज्यात शिरले आणि १७ तारखेला निजामाने शरणागती पत्करली. पुढच्या वर्षी सप्टेंबरात पौंडापाठोपाठ भारतीय रुपयाचे अवमूल्यन झाले तेव्हा हालीही निमूटपणे त्याच्याबरोबर खाली आला. त्याच्यासाठी निराळा निर्णय घ्यावा असे कोणालाही सुचले नाही. १९५० साली राज्यघटनेबरोबर भारतीय रुपया हैदराबादेत कायदेशीर चलन झाला, सातास सहा हे प्रमाण ठरले, १ एप्रिलपासून रेल्वे आणि टपाल यांसारखी खाती केंद्राकडे गेली, १९५१ पासून नवे हाली चलन निघणे थांबले, आणि त्याच दशकात जुने नाणे पूर्णपणे रद्द झाले. सत्तर हाली पगाराच्या कारकुनाला साठ रुपये मिळू लागले आणि सत्तर हाली साऱ्याच्या शेतकऱ्याला साठ रुपये भरावे लागू लागले. १९९० साली दोन जर्मनींचे चलन एक करताना पूर्वेकडील पगार पश्चिमेच्या मार्कात एकास एक या दराने बदलले गेले. कामगार क्षणभर सुखावला आणि कारखाने मात्र त्या भाराखाली बसले. मराठवाड्यात असा उत्पात झाला नाही, याचे कारण कोणाची दूरदृष्टी नव्हे, तर बाजाराने आधीच जे ठरवून ठेवले होते तेच कायद्याने उचलले, एवढेच.

मोठ्या रकमांपुरते हे सर्व सरळ होते. किरकोळ व्यवहारात मात्र सातास सहा हे प्रमाण मोठे जाचक ठरले, कारण एक हाली रुपया म्हणजे १३ आणे साडेआठ पै आणि वर थोडा अंश, आणि एक हाली आणा म्हणजे दहा पैहून किंचित अधिक. पानतंबाखूला पडणारा आणा असा कसा फोडावयाचा? जी वस्तू एक आणा हालीला मिळे ती नव्या राजवटीत एक आण्यालाच मिळू लागावी, आणि मधला सातवा हिस्सा दुकानदाराच्या गल्ल्यात राहावा, याला कोणताही वटहुकूम अटकाव करू शकत नाही. करोडगिरीही एका दिवसात गेली नाही. तिच्या उत्पन्नावर राज्याचा मोठा डोलारा उभा असल्यामुळे ती टप्प्याटप्प्याने उठवावी लागली, आणि काही वर्षे असा विचित्र प्रकार राहिला की लातूर व बार्शी यांच्यामध्ये नाणे एक झाले होते आणि नाका मात्र तसाच उभा होता. हैदराबाद स्टेट बँक १९५६ साली रिझर्व्ह बँकेच्या मालकीची होऊन स्टेट बँक ऑफ हैदराबाद झाली आणि २०१७ पर्यंत त्याच नावाने मराठवाड्यातील गावोगावच्या पाट्यांवर टिकली. त्याच वर्षी, १९५६ मध्ये, नांदेड आणि लातूर ज्यात तेव्हा मोडत असे तो उस्मानाबाद हे जिल्हे मुंबई राज्यात आले आणि १९६० साली महाराष्ट्रात.

मध्यंतरी १ एप्रिल १९५७ रोजी नवे पैसे सुरू झाले. सोळा आणे जाऊन शंभर नवे पैसे आले, आण्याचे सहा पैसे द्यावयाचे की सव्वासहा धरून सात मागावयाचे यावरून दुकानांतून खटके उडू लागले, आणि पुण्या-मुंबईच्या गिऱ्हाइकाला आयुष्यात प्रथमच एका नाण्याचे दुसऱ्या नाण्यात त्रैराशिक मांडावे लागले. नांदेड-लातूरच्या माणसाची ती सात वर्षांतील दुसरी खेप होती, आणि या वेळचे गणित त्याला पहिल्यापेक्षा पुष्कळच सोपे होते.